ताईच्या डोळ्यातला रुमाल

माझ्या मोठ्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मी माझ्या या दोन हातांनी मोडलं, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि माझा हेतू अगदी निर्मळ होता. गेली तीस वर्षं मी मुलांना औषधशास्त्र शिकवते आहे. दर वर्षी पहिल्या तासाला कुणीतरी विचारतंच, मॅडम, तुम्ही या विषयाकडे कशा वळलात? मी चेहरा गंभीर करते आणि रुग्णसेवा, विज्ञानाची ओढ असं काहीबाही सांगते. खरी गोष्ट आता निवृत्ती जवळ आल्यावर तरी कागदावर उतरवावी म्हणून हे प्रकरण लिहिते आहे. सुमनताईला आधी विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण माहं वय नको लिहू."

अकोल्यात आमचं घर एका जिनिंगच्या भिंतीला लागून होतं. दोन खोल्या, पुढं सारवलेलं अंगण, अंगणात शेवग्याचं झाड. कापसाचा हंगाम सुरू झाला की भिंतीपलीकडच्या यंत्रांची घरघर दिवसभर चालायची आणि ती थांबली की आम्हाला कान बंद झाल्यासारखं वाटायचं. कापसाची पांढरी रुई सगळीकडे असायची. मायच्या केसांवर, शेवग्याच्या शेंगांवर, वरणातसुद्धा. पाहुणे वरणातली रुई बोटानं काढायचे, आम्ही खाऊन टाकायचो. बापू त्याच जिनिंगमध्ये फिटर होते. अक्षरं ते मोठेपणी शिकले होते, त्यामुळे त्यांना अक्षरांचा जो रुबाब होता तो शाळेत सहज शिकलेल्याला कधी यायचा नाही. संध्याकाळी कढी-गोळे आणि भाकर खाऊन झाली की चाळीशी नाकावर चढवून ते वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे, अगदी तेलाच्या जाहिरातीपर्यंत, आणि माय चुलीजवळून हुंकार द्यायची. दीक्षा घेऊन आम्हाला फार वर्षं झाली नव्हती. कोनाड्यातले देव गेले होते आणि तिथं पुस्तकं आली होती. सुमनताई आमच्या वस्तीतली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. तिचं सर्टिफिकेट बापूंनी पेटीत, स्वतःच्या नव्या धोतराच्या घडीत ठेवलं होतं. ते धोतर ते कधी नेसले नाहीत, कारण मग सर्टिफिकेट कुठं ठेवायचं हा प्रश्न आला असता.

मुलगी पाहण्याचे जुने प्रकार, म्हणजे चालून दाखव, केस सोडून दाखव, सुईत दोरा ओव, हे सगळं बापूंनी आपल्या घरापुरतं बंद करून टाकलं होतं. मुलगी समोर बसेल, विचारायचं ते विचारा, चहा घ्या. पण लोकांच्या डोळ्यांना कोण बंदी घालणार? पहिलं स्थळ आलं ते मूर्तिजापूरकडचं. त्या घरची एक बाई उंबरठा ओलांडता ओलांडता म्हणाली की पोरगी चांगली आहे, पण डोळे बारीक आहेत. ते स्थळ गेलं, वाक्य मात्र आमच्या घरात राहून गेलं. दुपारी कुणी नसताना ताई आरशासमोर उभी राहून भुवया वर ओढायची, डोळे ताणायची, आणि मग सोडून द्यायची. मी दाराच्या फटीतून ते पाहत असायची. सांगते म्हणून विश्वास ठेवा, ताईचे डोळे फार सुंदर होते. लहान होते, पण त्यांत सगळं मावायचं.

दुसरं स्थळ चांदूर रेल्वेचं होतं. मुलगा वसंतराव, प्राथमिक शाळेत मास्तर. हे महाशय एकदा अकोल्यात आमच्या वस्तीच्या सभेत मुलींच्या शिक्षणावर बोलून गेले होते. भाषण ऐकून ताई घरी आली आणि तिनं कढीत दोनदा मीठ घातलं. त्यांचंच स्थळ सांगून आलं तेव्हा तिनं मला तीन वेळा विचारलं की सभेत त्यांचा सदरा कोणत्या रंगाचा होता, तुला आठवते का. तिला स्वतःला आठवत होता. तिला फक्त त्याविषयी बोलायचं होतं. तेव्हा मी ठरवलं की हे लग्न मीच जमवणार.

साधन माझ्याजवळ होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी अमरावतीला मामाकडे गेले होते. मामा तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या वॉर्डात कंपाउंडर. दुपारी त्याचा डबा घेऊन मी जायची आणि तो थांब म्हणाला नाही तरी थांबायची. एका निळ्या बाटलीतलं औषध तो रोग्यांच्या डोळ्यांत टाकायचा आणि थोड्या वेळानं त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या अशा मोठ्या व्हायच्या, की सुरकुतलेल्या म्हातारीचाही डोळा हरणासारखा काळाभोर दिसावा. डॉक्टरला आत पाहता यावं म्हणून हे दार उघडतो आपण, मामा म्हणाला. आणि पुढं त्यानं जे सांगितलं ते त्यानं मला सांगायला नको होतं: विलायतेकडच्या बाया पूर्वी सुंदर दिसण्यासाठी हेच औषध डोळ्यांत टाकायच्या. मामा हात धुवायला गेला. माझ्याजवळ अत्तराची एक रिकामी कुपी होती. आता ती भरली. (माझ्या वाचकांपैकी कुणाला मोह होत असेल तर आधी ही गोष्ट शेवटपर्यंत वाचावी.)

रविवारी सकाळी पाहुणे यायचे होते. मायनं पोहे भिजवले, जठारपेठेत राहणाऱ्या ताईच्या मैत्रिणीकडून मी सहा कपबश्या आणल्या. ताईची वेणी घालून झाल्यावर तिला मागच्या खोलीत बसवलं आणि म्हटलं, मामानं तुझ्यासाठी डोळ्यांचं पाणी दिलं आहे. मामाचं नाव घेतल्यावर ताई काही विचारायची नाही. एकेका डोळ्यात दोन थेंब टाकले. काही झालं नाही म्हणून आणखी एक. मग शकुनाचा म्हणून एक. थोड्या वेळानं तिची बाहुली हळूहळू पसरायला लागली, जशी कागदावर शाई पसरते, आणि मी माझ्या कर्तबगारीवर इतकी खूश झाले की तिला मिठीच मारली. ती म्हणाली, तोंडाला कोरड पडली गं, घशात कडू कडू लागते. मी म्हटलं, पहिल्यांदा होते तसं. ती म्हणाली, छाती धडधडून राहिली. मी मोठ्या जाणतेपणानं हसले. ती लाजली. त्या धडधडीत वसंतरावांचा वाटा किती आणि माझा किती, याचा हिशेब मी अजूनही तिला दिलेला नाही.

वसंतराव आणि त्यांचे वडील सोनाजीबुवा, दोघंच आले. सोनाजीबुवांचं सगळं आयुष्य रेल्वेत गँगमन म्हणून रुळांवर गेलेलं. उंच, वाळलेले, हाताची बोटं वाकडी झालेली. त्यांनी ताईकडे नीट पाहिलं नाहीच. पोहे खाल्ले, मायला विचारलं की शेवग्याच्या शेंगा घरच्या काय, आणि मग पिशवीतून स्टेशनवर घेतलेलं वर्तमानपत्र काढून ताईसमोर ठेवलं. ते बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मले अक्षर येत नाही, बाई. पोरगा वाचून दाखवते, पण त्याले शाळा आहे. मले सून पाहिजे ती रोज सांजच्याले पेपर वाचून दाखवणारी. बाकी काही नाही मांगत मी. वाच माय. कापसाचा भाव वाच, नाहीतर कोण मेलं ते वाच, तुले आवडन ते वाच."

बापूंचा चेहरा उजळला. असली परीक्षा त्यांच्या स्वप्नातली होती. ताईनं पेपर घेतला, डोळ्यांजवळ धरला. मग लांब केला. मग हात ताणून अगदी लांब केला. तिचे डोळे काळेभोर, विशाल, कुणी चितारावेत असे. आणि त्या डोळ्यांनी ती पेपराकडे असं पाहत होती जसं कुणी धुक्यात बैल शोधतो. यंत्रं रविवारची बंद होती. पेपर पुढं-मागं होताना फडफडायचा, तेवढंच ऐकू येत होतं. शेवटी ती म्हणाली, मले दिसून नाही राहिलं. बापूंना वाटलं लाजली. ते म्हणाले, वाच बेटा, वाच. ती पुन्हा तेच म्हणाली. सोनाजीबुवांनी पेपर तिच्या हातातून हळूच घेतला, घडी केली, आणि आवाज न चढवता बापूंना म्हणाले, "मॅट्रिक सांगतलं होतं तुमी." बापू पेटीकडे धावले. धोतराची घडी उलगडली, सर्टिफिकेट आणून त्यांच्यापुढं धरलं, शिक्क्यावर बोट ठेवलं. सोनाजीबुवांनी त्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कागद मले वाचता आला असता, तर पोरीले कायले तसदी दिली असती?"

ते चहा पिऊन गेले. चहा टाकून गेले असते तर बापूंना रागावता तरी आलं असतं. वसंतराव सगळा वेळ आपल्या हातांकडे पाहत होते. आणि मी? मी दाराआड उभी होते. चार पावलं पुढं जाऊन मी टाकलं औषध, एवढं म्हणायचं होतं. एरवी मला गप्प बसवायला माय लाटणं दाखवायची, आणि त्या दिवशी माझ्या तोंडातून हूं की चूं निघालं नाही. तोंडाला कोरड ताईच्या पडली होती, जीभ माझी चिकटली होती.

दुपारी ताई मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. उजेड तिला सहन होत नव्हता. मायनं भाकर ठेवली होती, तिला हात लावला नव्हता. मी जवळ बसले. तिनं आपला तळहात डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला, आणि अगदी सहज, जसं कुणी पाऊस येईल काय विचारतं तसं विचारलं, "शकू, मी आंधळी होऊन राहिली का गं?" मग मात्र मी सगळं सांगितलं. कुपी, निळी बाटली, विलायतेच्या बाया, शकुनाचा थेंब, आणि मूर्तिजापूरच्या बाईचं वाक्यसुद्धा. ती मारेल म्हणून मी गाल पुढं करून ठेवला होता. तिनं विचारलं, "म्हणजे तुले बी माहे डोळे बारीक वाटते?" माझ्या आयुष्यात मला बसलेली सगळ्यांत मोठी थप्पड ती.

बापूंनीही मारलं नाही. दुसऱ्या दिवशी जिनिंगमधून खाडा करून आम्हा दोघींना पहाटेच्या गाडीत घातलं. मामा काय म्हणतो ते पाहू. डोळे परत आले पाहिजेत, लग्नाचं मग. ताई डोळ्यांवर पदर ओढून बसली होती. पण मधूनच पदर सारून बाहेर पाहायची, आणि गंमत अशी की मूर्तिजापूर स्टेशनची पाटी तिनं माझ्याही आधी वाचली. दूरचं तिला लख्ख दिसत होतं. बापूंनी पुढ्यातलं तिकीट दाखवलं तर त्यावर काही आहे हेही तिला कळेना.

मामानं वॉर्डाच्या खिडकीशी तिला बसवलं आणि बॅटरीचा झोत डोळ्यांवर टाकला. बाहुली हलली नाही. मग तो माझ्याकडे वळला. "किती टाकलं?" मी म्हटलं, दोन-दोन थेंब. "खरं सांग." तीन-तीन. "अन्?" अन् एक शकुनाचा. मामा हसू दाबायला खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या खांद्यांवरून बापूंना कळलं की मुलगी आंधळी होत नाही, आणि ते तिथंच एका रोग्याच्या खाटेवर बसले.

बापूंना समजावं म्हणून मामानं जे सांगितलं, ते मी आजही वर्गात तसंच सांगते, पुस्तकातली आकृती नंतर काढते. मामा म्हणाला, "दाजी, मोटारीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकता न तुमी? तसं आहे हे. बाहुली आवळणारा बारीक स्नायू असते. त्याच्यावर जागा असतात. नसेतून निरोप्या येते, त्या जागेवर बसते, तवा बाहुली आवळते. हे औषध म्हणजे त्या जागेवरचा रुमाल. रुमाल गावाले जात नाही, काही काम करत नाही. पण जागा धरून ठेवते. निरोप्या येते, रुमाल पाहते, परत जाते." बापूंनी विचारलं, मग तोंडाची कोरड? मामा म्हणाला, लाळेच्या गाठींतही त्याच जातीच्या जागा आहेत, छातीतही आहेत. डोळ्यातलं औषध नाकाच्या वाटेनं घशात आणि रक्तात उतरतं, आणि जिथं जिथं ती जागा सापडेल तिथं रुमाल टाकत जातं. एकच औषध चार ठिकाणी चार गोष्टी का करतं, हे मला त्या खिडकीशी कळलं. गोष्टी चार दिसतात, जागा एकच असते. पुढं मोठमोठ्या ग्रंथांत मी हे फार अवघड भाषेत वाचलं आणि प्रत्येक वेळी मला मोटारस्टँड दिसला.

बापू फिटर. त्यांचा प्रश्न सरळ होता: रुमाल उचलायचा कसा? मामा म्हणाला, निरोप्यांची गर्दी वाढवणारं दुसरं औषध आहे, पण इतक्या रुमालांपुढं गर्दी तरी काय करेल. आणि एका औषधावर दुसरं औषध आता नकोच. रुमाल आपोआप सुटतात, आठ-दहा दिवसांत. (इथं शिक्षिका म्हणून मला मामाची थोडी दुरुस्ती करावी लागेल. रुमाल एकदा पडून चिकटून राहत नाही. तो सारखा उडतो आणि पुन्हा पडतो. निरोप्यापेक्षा रुमाल फार असतात, म्हणून जागा त्यांनाच सापडते. आणि आपल्या काळ्या बुबुळांचा रंगच हे औषध धरून ठेवतो आणि थोडं थोडं सोडत राहतो. ताईचे डोळे काळेभोर, म्हणून आठवडाभर मुक्काम.)

बापू हलके झाले. म्हणाले, बरं झालं, आठ दिवसांनी चांदूरला पत्र टाकू, खुलासा करू. तेव्हा ताई बोलली. आमच्या घरात तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, आणि तेव्हाही तो चढला नाही. "लग्न गेलं खड्ड्यात, बापू. पण आठ दिवसांत तो म्हातारा चांदूरभर सांगन की अकोल्याच्या फिटरनं खोटं सर्टिफिकेट दाखवलं. मले वाचता येते. मी आजच जातो अन् वाचून दाखवतो." बापू म्हणाले, मुलगी घेऊन मुलाच्या दारात कुणी जात नाही. ती म्हणाली, मी मुलगी म्हणून नाही जात, वाचाले जातो. बापू म्हणाले, पण दिसत नाही ना तुला. यावर मामानं काही न बोलता बापूंच्या खिशातली चाळीशी काढली आणि ताईच्या नाकावर चढवली. जवळचं पाहायला डोळ्यातलं भिंग फुगवावं लागतं आणि ते फुगवणारा स्नायूही याच औषधानं झोपला होता. चाळीशीतल्या माणसाचं भिंग वयानं थकतं, ताईचं माझ्यामुळं थकलं होतं. चष्म्याला त्याचं काय? मामानं शेंगदाण्याच्या पुडीचा कागद तिच्यापुढं धरला. ताईनं तो खालपर्यंत वाचला, फाटलेल्या ओळीसकट, आणि मग चष्म्याच्या आत तिला रडू आलं.

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही चांदूरला उतरलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. स्टेशनवर ताईनं पेपर घेतला. सोनाजीबुवा घरासमोर लिंबाखाली खाटेवर बसून सुतळी वळत होते. आम्हाला पाहून ते उठले, पाणी दिलं, पण काय काम म्हणून विचारलं नाही. आता खुलासा करायची पाळी माझी होती. काल न निघालेलं सगळं मी त्यांच्यापुढं ओतलं, आणि जरा जास्तच रंगवून ओतलं असणार, कारण त्यांनी मध्येच हात वर करून बापूंना विचारलं, ही पोरगी तमाशात आहे काय? मग म्हणाले, बहिणीसाठी माणूस काहीबी बोलते. त्यात वाईट नाही. पण बोलणं ते बोलणं.

ताई खाली बसली, झाडाला टेकली, चाळीशी लावली. काड्या कानांमागं सैल होत होत्या, चष्मा सारखा नाकाच्या शेंड्यावर यायचा. अशा थाटात ती वाचायला लागली. कापसाचा भाव वाचला. सरकीचा वाचला. कुठल्याशा गावी विहिरीत पडलेली म्हैस गावकऱ्यांनी कशी वर काढली ते वाचलं. मंत्र्याचं भाषण वाचलं, आणि सोनाजीबुवा म्हणाले की हे सोड. कोण मेलं ते वाचलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना ती थांबली तर ते सुतळीवरचा हात थांबवायचे, सुरू झाली की हात सुरू. बापू ओट्यावर बसून ओठ हलवत होते, तिच्याबरोबर. घशाची कोरड अजून गेली नव्हती. दर चार ओळींनी ती घोट घेई आणि पुढं वाची. तिनं तेलाची जाहिरातही वाचली. पेपर संपला. सोनाजीबुवा म्हणाले, "उलटून पाहाय, मागं काही राह्यलं काय." मागं काही राहिलं नव्हतं. मग त्यांनी सुतळी बाजूला ठेवली आणि बापूंना न विचारता तिलाच विचारलं, "मले पटलं, बाई. आता तू सांग. आमचा पोरगा तू काल पाह्यला का नीट?"

ताई म्हणाली, नाही. खरंच होतं ते. काल वसंतराव तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, म्हणजे तिच्या दृष्टीनं एक पांढरा धब्बा.

तेवढ्यात ते शाळेतून आले. हातात मुलांच्या वह्यांचा गठ्ठा. फाटकाशी आम्हाला पाहून थबकले. ताईनं चाळीशी काढून माझ्या हातात दिली आणि मान वर केली. इतक्या अंतरावरून ते तिला स्वच्छ दिसत असणार, सदऱ्याच्या गुंडीपर्यंत. वसंतराव भानावर येऊन पुढं यायला निघाले, आणि दोन पावलं आले असतील, तर ताई म्हणाली, "जरा तिथंच थांबा. जवळ आले की दिसत नाही."

ते थांबले. बापूंनी मान खाली घातली. सोनाजीबुवा लिंबाच्या फांद्यांकडे पाहायला लागले. आमच्या घरातल्या कुठल्याही बाईनं आपल्या होणाऱ्या नवऱ्याकडे इतका वेळ पाहिलं नसेल. वह्यांचा गठ्ठा त्यांनी या हातातून त्या हातात घेतला, पण हलले नाहीत. ताईनं आपल्या त्या मोठ्या काळ्या डोळ्यांनी घाई न करता, डोक्यापासून चपलांपर्यंत त्यांना पाहून घेतलं. मग ती म्हणाली, "या आता."